सिंक कर, पण पार्ट माझ्या सांगण्याने निवड

अगं, गॅरेजमध्ये भंगारातल्या पार्टचं सिंक करायचं म्हणतेस, ते ऐकून फार बरं वाटलं. काळ्या हातांनी भाकरी खातेस, संध्याकाळी पेट्रोलने हात चोळतेस, हे मला कधीच बघवलं नाही. पेट्रोल ग्रीस काढतं खरं, पण कातडीचा ओलावाही नेतं, आणि त्यातलं बेन्झिन अंगात जातं ते वेगळंच. सिंक झालं की आधी खोबरेल चोळायचं, मग लाकडाचा भुसा आणि साबणचुरा. कबूल?

भंगाराचं म्हणून लाजू नकोस. देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवतात ना? यशवंतराव चव्हाणांच्या त्या जन्मगावात या माणसाने भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी केली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. आपल्या मुलखात हे कसब आहे, तुझ्याही हातात आहे.

फक्त प्रत्येक पार्ट उचलताना एवढं विचार: याच्या पोटात आधी काय होतं? हवा किंवा पाणी असेल तर घे. पेट्रोल, डिझेल, ऑइल असेल तर ठेव बाजूला. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ राहते, आणि ठिणगी पडली की तीच भडकते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त घातकी असते गं. ऑइलचा बॅरल अर्धा कापून सिंक करायचा सल्ला तुला कुणीही देईल, पण तू गॅसकटर लावायचा नाहीस, म्हणजे नाहीसच. रेडिएटरही नको. कूलंट विषारी, त्यात चवीला गोड, सांडलं तर कुत्री चाटतात.

माझं ऐकशील तर भांड्यासाठी टेम्पोची जुनी लोखंडी रिम घे. टायर उतरवल्याशिवाय मात्र वेल्डिंगला हात लावू नकोस, आतली हवा तापून टायर फुटतो. रिमची खोलगट बाजू वर ठेव. नटांची आणि मधली भोकं पत्रा जोडून बंद कर, आणि मधल्या पत्र्यात जाळीचं कपलिंग बसेल एवढंच भोक पाड. बुडाला ट्रकचा ब्रेक ड्रम ठेव, त्याच्या वजनाने स्टँड हलणार नाही. पण ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पूस आणि फडकं पिशवीत बांधून टाक. मधला खांब प्रोपेलर शाफ्टच्या पाइपचा. उंची तुझ्या कोपराच्या वीतभर खाली ठेव. बाप्यांच्या मापाने केलंस तर रोज खांदे भरून येतील. शेवटी रेड ऑक्साइड आणि वर पेंट.

काळ्या हातांनी नळ धरायचा नसतो, म्हणून काच धुणारी बारा व्होल्टची वॉशर मोटर लाव, आणि हॉर्नचं बटण पायाखाली. ही मोटर थोडा थोडा वेळ चालवायची असते. सलग दाबून धरलीस तर जळेल. फ्यूज घालच. पाण्यासाठी वीस लिटरचा जार पुरे.

आता सांडपाण्याचं. हे मी मोठी बहीण म्हणून नाही, सांगलीकर म्हणून बोलते. तुझ्या गॅरेजमागची गटार कऱ्हाडात नदीला मिळते. तिथे कोयना कृष्णेत येते, आणि ते पाणी खाली आमच्याकडे पोचतं. तेव्हा साध्या पाण्याच्या होजने सिंकचं पाणी झाकणाच्या बादलीत सोड. बादलीतून बाहेर जाणाऱ्या पाइपचं तोंड तळाजवळ ठेव, म्हणजे तेल वर तरंगत राहतं आणि खालचं पाणी बाहेर पडतं. साबणात फुटलेलं तेल मात्र तरंगत नाही, बादलीला चुकवून जातं. म्हणून पाणी घेण्याआधी हात चिंधीने कोरडे पुसायचे, आणि हे तुझ्या पोरालाही शिकव. साठलेलं तेल जळक्या ऑइलच्या कॅनमध्ये ओत आणि परवाना असलेल्यालाच दे.

रिम मिळाली की फोटो पाठव. बॅटरीचं कनेक्शन मी आल्यावर करू, तोवर मगने पाणी घे.