हरल्यावर मनू जेवते का?

भोकर,
सोमवार

चि. बाळू यास,


फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू नुसतं “हो आत्या, हो आत्या” म्हणतोस आणि तेवढ्यात दुकानात कुणीतरी युरिया मागायला येतं. म्हणून लिहिते आहे. सूनबाईलाही वाचायला दे, खिशात घालून ठेवू नकोस.

लातूरच्या बुद्धिबळ स्पर्धेला आपल्या गल्लीतलंही एक लेकरू गेलं होतं. त्याची माय काल दळण घेऊन जाताना ओट्यावर टेकली आणि बोलता बोलता बोलून गेली. तुझी मनू पाचवी फेरी हरली. बाहेर आल्या आल्या तू तिला जिन्यात बसवलंस, मोबाइलवर तो डाव पहिल्या खेळीपासून लावलास आणि कुठं चुकलं ते सापडेपर्यंत डबा उघडायचा नाही म्हणालास. डबा शेवटी बसस्टँडवर उघडला म्हणे, आणि तोही लेकरानं तसाच बंद केला. त्या बाईनं हे निंदा म्हणून सांगितलं नाही रे. कौतुकानं सांगत होती, अशी शिस्त पाहिजे, आमच्या ह्यांना जमत नाही. मला तेच जास्त लागलं.

गल्लीतून आलेली गोष्ट वाढूनच येते, हे मला समजतं. अर्धी सोडून देते. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर मात्र दे. हरल्यावर मनू जेवते का?

दुसरं म्हणजे दाखल्याचं. चौथी झाली की तिला शाळेतून काढायचं, पूर्णवेळ बुद्धिबळ, आणि खर्चासाठी ओढ्याकाठचं रान विकायचं, असं तुझ्या डोक्यात आहे. दिवाळीत तू “गुकेशनं पण चौथीनंतर शाळा सोडली” म्हणालास तेव्हा पाहुण्यांत मी गप्प बसले. आता बोलते. गुकेशचे वडील कान-नाक-घशाचे सर्जन, आई सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. वडलांनी दवाखाना बाजूला ठेवून लेकराबरोबर फिरायला सुरुवात केली तेव्हा घर आईच्या पगारावर चाललं. राहायला चेन्नई, जिथं विश्वनाथन आनंदच्याही आधीपासून बुद्धिबळाची परंपरा आहे. सांभाळून घेणारी शाळा. एवढं सगळं जुळलं तेव्हा १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला, आणि आपण सगळ्यांनी टीव्हीवर टाळ्या वाजवल्या. त्याचं बघून शाळा सोडलेली बाकीची लेकरं कुठं आहेत, हे कुणी दाखवत नाही. हरलेल्याची बातमी होत नसते, बाळू. आणि ओढ्याकाठच्या रानाचं म्हणशील तर ते तुझ्या आजोबांनी, आबांनी, कसं सोडवून आणलं, तुला माहीत आहे.

तू गणितात कच्चा नव्हतास, शिकवायला मीच होते. म्हणून आता गणितातलंच सांगते. मनूचं रेटिंग चौदाशे ऐंशी झालं म्हणून तू घरच्या ग्रुपवर फटाक्यांची चित्रं टाकलीस. आनंद मलाही झाला. पण मार्च २०२४ पासून जागतिक बुद्धिबळ महासंघानं रेटिंगची खालची मर्यादा हजारावरून चौदाशेवर नेली आहे. म्हणजे यादीच चौदाशेला सुरू होते. कोलकात्याचा अनीश सरकार २०२४ मध्ये चार वर्षांचाही नव्हता, तेव्हा १५५५ घेऊन त्या यादीत आला. हे मनूला कमी लेखायला सांगत नाही, तुला जमिनीवर आणायला सांगते आहे.

मग पुढच्या महिन्यात साठ गुण गेले आणि घरात सुतक पडलं. अरे, अठरा वर्षांखालच्या लेकरांना त्या हिशेबात गुणक चाळीस लावतात, मुरलेल्या खेळाडूंना वीस नाहीतर दहा. बरोबरीच्या खेळाडूशी हरलं की लेकराचे वीस गुण जातात, जिंकलं की वीस येतात. साठ गुण म्हणजे असे तीन डाव. एखाद्या दिवशी सर्दी असली तरी तीन डाव जातात! लहानांचं रेटिंग झपाट्यानं वर-खाली व्हावं, अशीच ती सोय आहे, कारण लहान लेकरू महिन्या-महिन्याला बदलतं. नियम करणाऱ्यांना एवढी समज आहे, बापाला नको?

या स्पर्धांच्या स्विस पद्धतीत तर जिंकणाऱ्याची गाठ जिंकणाऱ्याशीच घालतात. मनू जितकी चांगली खेळेल तितकं तिच्यापुढं वरचढ लेकरू येऊन बसणार. शे-दीडशे लेकरं स्पर्धेला येतात, त्यातली न हरता घरी जाणारी मोजकीच. उरलेली सगळी कधी ना कधी हरूनच बसस्टँडवर येतात. त्या सगळ्यांनी उपाशी राहायचं का?

आता तुझी लाडकी दिव्या देशमुख. नागपूरची, आईवडील दोघं डॉक्टर. २०१४ साली डर्बनला दहा वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती झाली तेव्हा ती आठ वर्षांची होती. हे तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोस. पुढचं सांगत नाहीस. बारा वर्षांखालचं जगज्जेतेपद २०१७ ला, कुमारी गटाचं २०२४ ला, आणि ग्रँडमास्टर व्हायला २०२५ उजाडलं. डर्बननंतर अकरा वर्षं! २८ जुलैला बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून तिनं विश्वचषक घेतला, त्या दिवसापर्यंत ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म तिच्याकडे नव्हता. किताब तिला त्या विश्वचषकानंच थेट दिला. अकरा वर्षं त्या घरानं काय केलं असेल, किती डाव हरलेले बघितले असतील, ते विचारायला हवं. जिंकल्यावर ती रडत रडत आईच्या गळ्यात पडली, ती चित्रफीत तूच मला पाठवलीस. मी पुन्हापुन्हा पाहिली. उद्या मनू जिंकली तर कुणाच्या गळ्यात पडेल, हे तेव्हा मनात आलं होतं. तुला विचारलं नाही.

नाशिकचा विदित गुजराथी घे. २००८ साली चौदा वर्षांखालचा जगज्जेता, आणि ग्रँडमास्टर झाला तो अठरा पूर्ण झाल्यावर, २०१३ च्या सुरुवातीला. तुझ्या हिशेबात उशीरच. अमेरिकेतला अभिमन्यू मिश्रा बारा वर्षं चार महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला, म्हणजे विदित त्याच्या कितीतरी मागं. पण २०२३ मध्ये ग्रँड स्विस जिंकून जगज्जेत्याच्या आव्हानवीरांच्या आठ जणांत टोरांटोला जाऊन बसला तो विदितच. तिथं नाकामुरासारख्या बलाढ्य खेळाडूला दोनदा हरवलं आणि शेवटी सहावा आला. सहावा येऊन घरी आला, जेवला असेलच ना?

तू म्हणशील, आत्याला आता खेळातलं काय कळतं, तिचं देशी बुद्धिबळ. बरोबर आहे. आबांनी मला शिकवलं त्यात प्यादं एकेक घरच चालायचं, राजाला एकदा घोड्याची उडी असायची. पाच-सहा वर्षांत मी आबांना आणि त्यांच्याकडे येणाऱ्या तलाठ्याला मात द्यायला लागले. पण ओसरीवर पाहुणे जमले की आतून हाक यायची, चहा टाक. डाव तसाच. परत येऊन बघावं तर माझ्या जागी तुझे वडील बसलेले, आणि माझा बरा चाललेला डाव त्यांनी घालवलेला. नांदेडला स्पर्धा होती तेव्हा आबा त्यांनाच घेऊन गेले. मी विचारलंसुद्धा नाही. तेव्हा विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

१९७६ साली मी बी.एड. करत होते तेव्हा पेपरात रोहिणी खाडिलकरचं नाव यायला लागलं. ‘नवाकाळ’च्या नीळकंठ खाडिलकरांची मुलगी. वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघी बहिणी खेळायच्या. वासंती १९७४ ला महिलांची पहिली राष्ट्रीय विजेती, आणि रोहिणी तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती. त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तर केवढा गदारोळ! प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की बाईला अशा स्पर्धेतून अडवता येणार नाही. हे युवे एकेकाळचे जगज्जेते, आणि पेशानं गणिताचे मास्तर, मुलींच्या शाळेत शिकवलेले. माझ्या जातीचा माणूस. मी त्या परकर-पोलक्याच्या वयातल्या मुलीचा हेवा केला, बाळू. मी एकवीस वर्षांची घोडी, आणि तिचा हेवा!

तो हेवा गेला असं मला वाटायचं. मनूनं पहिला चषक आणला तेव्हा कळलं, गेलेला नाही. ती जिंकावी असं मला वाटतं त्यात तिच्यासाठी किती आणि त्या ओसरीवरच्या अर्ध्या डावांसाठी किती, हे मला सांगता येत नाही. तुझंही तपासून बघ. तुझ्या वडलांच्या दहावीच्या वर्षी आबांनी काय केलं, ते मी इथं लिहीत नाही. तुला ठाऊक आहे, आणि आबा वाईट माणूस नव्हते, हेही तुला ठाऊक आहे.

एक जुनी गोष्ट सांगून हा विषय संपवते. सॅम्युएल रेशेव्हस्की म्हणून पोलंडमधला पोरगा होता. १९२० च्या सुमारास आठ वर्षांचा असताना मोठमोठ्या माणसांशी एकाच वेळी वीस-वीस डाव खेळायचा. आईबापांनी त्याला गावोगाव आणि मग अमेरिकेत फिरवलं. शाळा नाही काही नाही, तेव्हा आईबापांना कोर्टात उभं राहावं लागलं. पुढे ज्युलियस रोझेनवाल्ड नावाचे शिकागोचे धनिक मदतीला आले, अट एकच, पोरानं शिकायचं. त्यानं वर्षानुवर्षं पट बाजूला ठेवून शिक्षण केलं, शिकागो विद्यापीठातून हिशेबशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर अमेरिकेचा विजेता झाला आणि १९४८ ला जगज्जेतेपदासाठीच्या पाच जणांत होता. खेळ कुठं पळून गेला नाही. आपल्या लातूर-नांदेडात लेकरांना खोल्या करून, वर्षं मोजून जुंपायची सवय आधीच लागली आहे. डॉक्टरकीसाठी जुंपतातच. निदान खेळ तरी त्यातून सुटावा.

हरलेला डाव बघायचाच नाही, असं मी म्हणत नाही. बघावाच लागतो. दुसऱ्या दिवशी बघ. मोबाइलचं इंजिन बंद ठेव आणि तिला विचार, तुला इथं काय वाटलं होतं? इंजिन चूक दाखवतं, लेकराच्या मनात काय होतं ते दाखवत नाही. आणि आधी डबा.

एवढं रागं भरून झालं. आता दुसरी बाजू. तुला बुद्धिबळातलं काही येत नव्हतं. उंट तिरका चालतो हेही तू मनूसाठी शिकलास. पहाटेच्या गारठ्यात तिला शालीत गुंडाळून स्टेशनवर नेतोस, फेरी चालू असताना तीन-चार तास बाहेर उभा राहतोस, चहासुद्धा घेत नाहीस, हे सूनबाईनं मला सांगितलं आहे. उपाशी तूही राहतोस, येड्या. तिला उपाशी ठेवलंस तेव्हा तूही जेवला नव्हतास, हे मी न विचारता ओळखते. लहानपणी घसरगुंडीवरून पडलास की रडायचं सोडून आधी इकडेतिकडे बघायचास, कुणी पाहिलं का म्हणून. अजून तसाच आहेस. मनू हरली की तुलाच कुणीतरी बघितल्यासारखं होतं. कुणी बघत नाही रे. सगळे आपापल्या लेकराचा डबा शोधत असतात.

रान विकायचं नाही. प्रशिक्षकाची फी, प्रवास, जे लागेल ते माझ्या पेन्शनमधून घे. परत द्यायचं नाव काढलंस तर तुझ्याशी बोलणार नाही. दाखल्याचं पाचवी होऊ दे, मग तू, मी, सूनबाई आणि मनू मिळून बघू. मनूला बसवायचं हं त्यात, आतून चहाची हाक मारायची नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला इकडे पाठव. घड्याळ आणू नको, माझं डोकं आता सावकाश चालतं. मी तिला आबांचे जुने नियम शिकवीन, ती मला नवे शिकवील. हरवलं तर हरवू दे मला. मी जेवीन.

तुझी,
आत्या

ता.क. गल्लीतलं तेच लेकरू शनिवारी नांदेडला येणार आहे, त्याच्याबरोबर डबा पाठवते. वरच्या खणात शेंगदाण्याचे लाडू आहेत, ते मनूचे. खाली तुझ्यासाठी तिखट शेव आहे. तू आधी वरचा खण उघडशील हे माहीत आहे, म्हणून त्यात दोन लाडू जास्तीचे ठेवले आहेत.