उसाचे पान, ऊन आणि लागणीचा महिना



गटवार मेळावा झाला की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, बेणं एकच, खत तेच, विहीर तीच. मग शेजारच्या आडसालीला पडतं ते टनेज माझ्या सुरूला का नाही?" वयाचा फरक तर आहेच. आडसाली सोळा ते अठरा महिने रानात उभी असते, सुरू बारा महिने. पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. आडसालीला जादा महिने मिळतात, त्याहून ते कोणते महिने मिळतात याला महत्त्व आहे.

साखर तयार होते ती पानात. कारखाना ती फक्त काढून घेतो. हवेतला कर्बवायू आणि मुळांनी आणलेले पाणी यांपासून पान उन्हाच्या जोरावर साखर बनवते. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. या कामात ऊस हा गहू-भातापेक्षा हुशार. कडक उन्हात गव्हाच्या पानातले कर्बवायू पकडणारे द्रव्य चुकून प्राणवायूही पकडते आणि तयार मालाचा काही भाग वाया जातो. उसाच्या पानात शिरांभोवती पेशींचे कडे असते. कर्बवायू आधी आम्लाच्या रूपात बांधून तिथे दाटीने पोहोचवला जातो, म्हणून ही गळती जवळजवळ थांबते. मका आणि ज्वारी यांच्यातही हीच सोय आहे. पण त्याचा पत्ता लागला तो उसाच्याच पानात. हवाई बेटांवर कॉर्टशाक, हार्ट व बर यांनी १९६५ साली ते प्रसिद्ध केले आणि ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी १९६६ पासून पुढचा मार्ग उलगडला. दोन्ही प्रयोगशाळा साखर धंद्याच्याच होत्या, हे आपण सहकारातल्या माणसांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की भाताचे पान मध्यम उजेडातच भरून पावते, उसाचे पान मात्र भर दुपारचे ऊनही घेतच राहते. आणि त्याच कारणाने ढग आले की ऊस जास्त गमावतो. आपल्याकडे ऊन सर्वांत जोराचे मार्च ते मे, आणि आभाळ सर्वांत भरलेले जुलै-ऑगस्टात. आता जानेवारी-फेब्रुवारीत लावलेली सुरू डोळ्यांपुढे आणा. एप्रिलमध्ये ती गुडघ्याएवढी. दोन सरींमधली माती उघडी. वर्षातले सर्वांत मोलाचे ऊन त्या मातीवर पडून जाते. पाने दाटतात तेव्हा आभाळ भरून आलेले असते. जुलैच्या आडसालीचा फड मात्र एप्रिलमध्ये असा दाटलेला असतो की आत शिरता येत नाही. सगळे ऊन पानावर.

पण उन्हाळ्यात पाणी असेल तरच हे गणित जमते. पाळी लांबली की दुपारी पाने सुरळीसारखी गुंडाळतात, पानांची सूक्ष्म छिद्रे मिटतात, कर्बवायू आत जात नाही. मग आडसाली लावूनही ऊन फुकटच. ज्यांच्या विहिरी मे महिन्यात तळ गाठतात त्यांनी आडसालीच्या नादी लागू नये हे बरे. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण हा मधला मार्ग आहे. थंडी पडण्याआधी तिचे डोळे फुटलेले असतात. उलट भर थंडीत टिपरी लावली की उगवण रेंगाळते, आणि कोवळ्या पानांवर कधीकधी आडवे पांढरट पट्टे दिसतात. तो रोग नव्हे. गारठ्यात त्या भागात हरितद्रव्य नीट भरले नाही एवढेच. फवारणीवर पैसे घालवू नका.

हीच थंडी तयार उसाला मात्र उपकारक ठरते. गारठ्याने वाढ आधी थांबते, पानाचे काम तेवढे थांबत नाही. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री थंडी, रानात ओल बेताची: मग पानात झालेली साखर नवी कांडी काढण्यात खर्च न होता जुन्या कांड्यांत साठते. म्हणून उतारा डिसेंबरनंतर चढतो. २०१९ साली ऑगस्टच्या महापुरानंतर पाऊस नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळला. अशा वर्षी ढगांमुळे मालही कमी होतो आणि ओलीमुळे वाढही लवकर थांबत नाही, म्हणजे दोन्हीकडून मार.

इथे जातीचा प्रश्न येतो. को.सी. ६७१ लवकर पिकते. को ८६०३२ तिन्ही हंगामांत चालते. फुले २६५ वजनाला चांगली, पण पिकायला तिला वेळ द्यावा लागतो. सुरुवातीलाच तोडली तर उतारा घटतो. एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते, म्हणून एकाचा कच्चा ऊस सगळ्यांच्या खिशातून जातो. "माझा ऊस आधी न्या" म्हणून चिटबॉयला बांधावर अडवणाऱ्यांनी एवढा हिशेब करावा. तुरा आलेल्या फडाची गोष्ट वेगळी. तिथे नवे पान येणे बंद होते, पुढे पांगशा फुटतात, दशी पडते. तो फड मागे ठेवण्यात अर्थ नाही.

आणखी एक. चाऱ्यासाठी पावसाळ्यात हिरवा पाला ओरबाडून नेण्याची काही गावांत सवय आहे. वाळलेले पाचट काढा, हरकत नाही. पण हिरवे पान काढणे म्हणजे चालू गाळपात मिलचा एक रोलर काढून नेण्यासारखे आहे.

तोडणीपूर्वी रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स पाहताना उसाच्या वरच्या आणि खालच्या कांडीचा रस वेगवेगळा तपासावा. दोन्हींत मोठे अंतर असेल तर ऊस अजून तयार नाही. तपासणीला शेतकी खात्याचा माणूस आला की त्याला बांधालगतचे ऊस दाखवू नयेत. त्यांना बाजूने मोकळे ऊन मिळालेले असते. फडाच्या आतल्या सरीतले ऊस काढून द्यावेत.