चहूकडे पाणी, पण पिण्याला पावसाचंच

श्रावणात मी मामांबरोबर घारापुरी बेट पाहिले. मुंबईच्या गेटवेपासून लाँचने तासभर लागतो. समुद्र खवळला तर लाँच सुटत नाही. वरून पाऊस, खाली लाटा. मी मामांचा हात घट्ट धरला.

बेटावरच्या लेण्यात सुमारे १८ फूट उंच त्रिमूर्ती आहे. सारे एकाच कातळात कोरलेले, आपल्या अंबाजोगाईच्या हत्तीखान्यासारखे!

पाऊस काही थांबेना. मी कुरकुरलो, तेव्हा मामांनी लेण्यातलं कातळात कोरलेलं टाकं दाखवलं. म्हणाले, "समुद्राचं पाणी खारट. पिण्याला हेच, पावसाचं साठवलेलं."

समुद्रात राहणाऱ्यांनीसुद्धा पाऊस साठवला. मग आपण बीडवाल्यांनी तो वाहू द्यावा काय? आता पाऊस आला की मी घराच्या पन्हाळीखाली घागर मांडतो. तुम्हीही मांडा.