दप्तरखाना आणि त्याची किल्ली

अमेरिकेत नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबास येथे दीर्घकाळ स्थिरावलेल्या घरांकडून जी सूचना अग्रक्रमाने मिळते, ती जन्मदाखल्याविषयीची होय. कारण ग्रीन कार्डाच्या अर्जासोबतच्या दाखल्यावर अर्जदाराचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि मातापित्यांची नावे असावी लागतात, आणि आपल्याकडील जुन्या दाखल्यांत बालकाच्या नावाचा रकाना पुष्कळदा कोराच असतो. ही त्रुटी ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत अर्ज करून, शक्यतो देश सोडण्यापूर्वीच, दुरुस्त करून घ्यावी. नोंदच सापडत नसेल, तर अनुपलब्धतेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या आप्तांची प्रतिज्ञापत्रे जमवावीत, आणि मगच ते दप्तर स्कॅन करून ऑनलाइन तिजोरीत ठेवावे.

विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र, आय-७९७ मंजुरीपत्रे, रद्द झालेल्यांसह सर्व पासपोर्ट, मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी आणि गावाकडील सातबारा व खरेदीखत यांच्या फाइलींवर व्यक्ती, दस्तऐवज आणि साल यांचा स्पष्ट उल्लेख असावा. मूळ कागद मात्र जपावेतच. अर्जास छायाप्रत चालली, तरी मुलाखतीच्या वेळी मूळ प्रत मागितली जाते.

डिजिलॉकरमधील दस्तऐवज भारतीय कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचे मानले जातात खरे; परंतु तेथील प्रवेशाचा ओटीपी आधारशी जोडलेल्या भारतीय मोबाइल क्रमांकावर येतो, आणि प्रीपेड क्रमांक नव्वद दिवस वापराविना राहिला की तो बंद पडण्याचा संभव असतो, हे येथे पोहोचल्यावर फार उशिरा ध्यानात येते.

तथापि ऑनलाइन तिजोरी फोडणाऱ्या चोरापेक्षा आम्हांस अधिक भय वाटते ते या गोष्टीचे, की तिचा परवलीचा शब्द घरातील एकट्या कर्त्या माणसासच ठाऊक असतो, आणि तो आजारी पडला असता त्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या पत्नीस स्वतःचेच कागद हाती लागत नाहीत. यास्तव दोघांची स्वतंत्र खाती आणि सामायिक फोल्डर ठेवावा, द्विस्तरीय पडताळणीचे पर्यायी संकेतांक कागदावर उतरवून विश्वासू आप्ताकडे द्यावेत, आणि गूगलचे खाते असल्यास तीन ते अठरा महिन्यांच्या निष्क्रियतेनंतर त्यातील माहिती कोणाच्या हाती जावी, याची तजवीज त्याच्या सेटिंगमध्ये आजच करावी. पासपोर्टची छायाचित्रे कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप समूहावर टाकण्याची आपली हौस मात्र आवरावी. समूहातील किती फोन उद्या दुरुस्तीच्या दुकानात जातील, यावर कोणाचाच अंमल चालत नाही.