ईथर : उपयोग आणि दक्षता

जमाखर्चात प्रयोगशाळेच्या रसायनांखाली ईथरची एक किरकोळ रक्कम दिसते. ‘ही वस्तू थोडी थोडी का घेता? एकदम घेतली तर दर कमी पडेल,’ असे एका देणगीदार महोदयांनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्याने मीही एरवी हेच म्हटले असते. परंतु ईथरला हा हिशेब लागू पडत नाही. त्याचे कारण सर्वांना ठाऊक असावे, म्हणून हे टिपण.

अल्कोहोल आणि सल्फ्युरिक आम्ल यांपासून होणारा हा द्रव सोळाव्या शतकात जर्मन वैद्य व्हॅलेरियस कोर्डस यांनी वर्णिला. पुढे सुमारे तीनशे वर्षे त्याच्या भूल देण्याच्या गुणाचा शस्त्रक्रियेसाठी कोणी उपयोग केला नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात क्रॉफर्ड लाँग यांनी १८४२ मध्ये तो केला, पण १८४९ पर्यंत प्रसिद्ध केला नाही. श्रेय मिळाले ते दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांना. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी ईथरची भूल दिली आणि डॉ. वॉरन यांनी रुग्णाच्या मानेवरील गाठ काढली. त्यापूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे रुग्णाला चौघांनी दाबून धरणे! त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनमध्ये ईथरखाली पाय कापण्याची शस्त्रक्रियाही झाली.

ईथरचा मोठा गुण असा की, नेहमीच्या मात्रेत श्वास व रक्तदाब बऱ्यापैकी टिकून राहतो. म्हणूनच यंत्रसामग्री नसलेल्या ठिकाणीही तोंडावरील कापडी मुखवट्यावर थेंब टाकून भूल देता येत असे. मात्र झोप लागण्यास व उतरण्यास वेळ लागे, नंतर ओकाऱ्या होत. आणि ज्वालाग्राही असल्याने शस्त्रक्रियागृहात विजेचे डागयंत्र वापरणे धोक्याचे होते. १९५६ पासून हॅलोथेन वापरात आले आणि ईथर मागे पडले. वडीलधारी मंडळी अजून त्या उग्र-गोड वासाची आठवण काढतात. त्यांनी निश्चिंत असावे. तरीही कुटुंब तेच आहे : आजची आयसोफ्लुरेन व सेव्होफ्लुरेन ही रासायनिकदृष्ट्या ईथरच होत. फ्लोरीनचे अणू जोडल्यामुळे ती शस्त्रक्रियागृहात पेट घेत नाहीत.

मूळ ईथर आता द्रावक म्हणून उरले आहे. स्निग्ध पदार्थ त्यात सहज विरघळतात. शौचतपासणीत फॉर्मॅलिनबरोबर ते मिसळून नमुना यंत्रात फिरवला की चरबी व कचरा वर जातो आणि जंतांची अंडी तळाशी बसतात. एरवी निसटणारे निदान त्यामुळे हाती लागते. रसायनशास्त्रात ग्रिन्यार अभिक्रियेसाठी ईथर हे नेहमीचे द्रावक. त्या शोधाबद्दल व्हिक्तॉर ग्रिन्यार यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता धोक्याविषयी. ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते. आपल्याकडील वैशाखातली दुपार त्याहून तप्त असते. त्याची वाफ हवेच्या अडीच पट जड असल्याने ती जमिनीलगत पसरते व दूरच्या ज्योतीवर पेटून बाटलीपर्यंत परतते. ज्योतही लागत नाही; तापलेली शेगडी किंवा घरगुती शीतकपाटातील ठिणगी पुरते. म्हणून ईथर साध्या शीतकपाटात ठेवावयाचे नसते. पेटलेले ईथर पाण्यावर तरंगते, त्यामुळे तेथे कोरडी पूड किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक लागते. वास आल्यास विजेचे बटण चालू अथवा बंद न करता बाहेर पडावे आणि कर्मचाऱ्यांस कळवावे, ही नातेवाइकांस विनंती.

याहून कपटी दोष साठवणीचा. हवा व प्रकाश लागला की ईथरमध्ये हळूहळू पेरॉक्साइड तयार होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण द्रव आटला की साचतात आणि स्फोट होऊ शकतो. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर बाटलीस हातही लावावयाचा नसतो. धान्याचे पोते सवलतीत घेतले तर बचत होते. ईथरचा जुना साठा मात्र दिवसेंदिवस घातक होत जातो.

म्हणून आमच्याकडे लहानात लहान गडद बाटली घेतली जाते, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहिली जाते, कागदी पट्टीने पेरॉक्साइडची तपासणी होते. मुदत संपली की उरलेले ईथर मोरीत न ओतता घातक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे जाते. अर्धी भरलेली बाटलीही अशी खर्ची पडते आणि लेखापरीक्षकांना तिचे कारण दरवर्षी नव्याने सांगावे लागते.