नीति सर्वांची कीं ज्याची त्याची?

नीतिपाठाच्या तासाला एखादा चौकस विद्यार्थी उठून विचारतो, "सर, एका देशांत जें पाप तें दुसऱ्या देशांत पुण्य, मग खरें कोणतें?" हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. तो फार जुना आहे, आणि विचारणाऱ्यास दटावून खालीं बसविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत लिहिलेल्या ग्रंथांत एक हकीकत दिली आहे. इराणचा बादशहा दरायस यानें दरबारांतील ग्रीकांस विचारलें कीं, किती द्रव्य घेऊन तुम्ही मृत पित्याचें मांस भक्षण कराल? ते म्हणाले, कितीहि दिलें तरी हें आमच्या हातून होणार नाहीं. मग त्यानें कॅलेशियन नांवाच्या हिंदी लोकांस बोलाविलें. हे लोक मृत आईबापांचें मांस खात, असें हिरोडोटस सांगतो. (परक्यांविषयीं अशा कथा पसरण्यास वेळ लागत नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.) किती द्रव्य घेऊन तुम्ही पित्यास अग्नि द्याल, असें विचारतांच ते आक्रोश करून, असें अभद्र बोलूं नका, म्हणून विनवूं लागले. यावरून रूढि हीच सर्वांवर राज्य करिते, असें हिरोडोटसचें मत झालें.

आम्हांस या कथेंत आणखी एक गोष्ट दिसते. दोघांपैकीं कोणीहि पैशास भुललें नाहीं. चाल निराळी, परंतु मातापितरांचा मान विकावयाचा नाहीं, याविषयीं दोघांचें एकमत होतें.

हाच वाद संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होतांना पुन्हा निघाला. १९४७ सालीं अमेरिकेंतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या कार्यकारी मंडळानें इशारा दिला कीं, पाश्चात्यांच्या कल्पना सर्व जगावर लादूं नका. हें भय निराधार नव्हतें. सुधारणेच्या नांवाखालीं परमुलूख बळकावल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. परंतु मसुदा करणाऱ्यांत चीनचे चँग, लेबाननचे मलिक आणि हिंदुस्थानच्या हंसाबाई मेहता हेहि होते. पहिल्या कलमांतील मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ 'सर्व पुरुष' असाहि होई. तो पालटून स्त्रियांसहि निःसंशय लागू पडेल असा शब्द घालण्याचें श्रेय हंसाबाईंस दिलें जातें. म्हणजे सर्वांसाठीं एकच माप हवें, हा आग्रह येथें पूर्वेकडून आला.

१० डिसेंबर १९४८ रोजीं पॅरिस येथें ४८ राष्ट्रांनीं अनुकूल मत दिलें. विरुद्ध एकहि नव्हतें. ८ तटस्थ राहिलीं. त्यांत दक्षिण आफ्रिका होती. त्याच वर्षीं तेथें वर्णभेदाचें धोरण पुकारणारा पक्ष अधिकारावर आला होता. नीति ज्याची त्याची असें मानलें, तर 'ही आमची रीत आहे' एवढें उत्तर त्या सरकारास पुरलें असतें. परंतु ही 'आमची' रीत कोणाची? बहुसंख्य कृष्णवर्णीयांस तर तेथें मताधिकारच नव्हता.

उपर्युक्त मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनेंहि १९९९ सालीं मानवी हक्कांस पाठिंबा देणारें निवेदन स्वीकारलें. संस्कृतिभेदाविषयींचा आदर मात्र तिनें सोडला नाहीं.

आतां अवघड भाग राहिला: रूढि कोठें संपते आणि नीति कोठें सुरू होते? पुढील तासास प्रत्येकानें आपल्या घरची एकेक चाल लिहून आणावी, आणि ती कां पाळतात, हें वडील मंडळींस विचारून यावें. पालकांनीं उत्तर देण्याची तसदी घ्यावी, अशी त्यांस विनंति आहे.