कॅमेरा आणि टिपणवही

क्षेत्रकार्यासाठी निघालेल्या मानवशास्त्राच्या अभ्यासकाजवळ कॅमेरा असतोच. तो चालवायला थोड्या दिवसांत शिकता येते. पण त्याने टिपलेल्या चित्राला पुराव्याचे मोल केव्हा येते, हे कळण्यास वेळ लागतो. या दृष्टीने चंदीगडचे उदाहरण उद्बोधक आहे.

या शहरातील उच्च न्यायालय, सचिवालय व विधानसभा या ल कॉर्ब्यूझिए यांच्या इमारतींची छायाचित्रे वास्तुकलेच्या ग्रंथांतून जगभर पोचली. त्यांतील पुष्कळ चित्रांत माणूस नाही. असलाच तर खांबाची उंची ध्यानात यावी एवढ्यापुरता. काँक्रीट कोणी वाहिले, हा प्रश्नच अशा चित्रातून उद्भवत नाही. चौकट काय दाखवते याइतकेच ती काय वगळते, हेही अभ्यासकाने पाहिले पाहिजे.

स्विस दिग्दर्शक आलँ तानेर यांचा चंदीगडवरील माहितीपट १९६६ सालचा; त्याचे निवेदन जॉन बर्जर यांनी लिहिले. तानेर मानवशास्त्रज्ञ नव्हते. तरीही अर्धवट बांधलेल्या शहराबरोबरच डोक्यावर ओझी वाहणाऱ्या मजूर स्त्रिया त्यांच्या कॅमेऱ्याने टिपल्या. चालण्याची लय, ओझे सावरणारी मान, रिकाम्या हाताने परतणारी रांग या गोष्टी स्थिर छायाचित्रात मावत नाहीत. हालचालीला लागणारा वेळ चित्रपटच जपून ठेवू शकतो.

पण तिला दिवसाची मजुरी किती मिळे? ती कोणत्या गावाहून आली, रात्री कोठे निजे? शहराच्या आराखड्यात मजुरांच्या वस्त्यांना जागा नव्हती. त्या आराखड्याबाहेरच उभ्या राहिल्या. हे कोणत्याही चित्रफितीवर आपोआप उमटत नाही. त्यासाठी वहीच हवी.

ग्रेगरी बेटसन व मार्गारेट मीड यांनी १९३६ ते १९३९ या काळात बाली बेटावर हाच मेळ घातला. बेटसन चित्रे घेत असताना मीड घड्याळाच्या वेळेसह टिपणे लिहीत. सुमारे २५,००० छायाचित्रांतून अवघी ७५९ त्यांनी १९४२ सालच्या ग्रंथात घेतली. नवशिक्याने हा आकडा लक्षात ठेवावा. प्रत्येक चित्र दाखवण्याचा मोह त्याला फार असतो.

आणखी एक पद्धत जॉन कॉलियर यांनी रूढ केली: छायाचित्र घेऊन पुन्हा लोकांकडे जावे व त्यांनाच बोलते करावे. चंदीगडमध्ये हे काम तातडीचे आहे. कॅपिटॉल परिसर २०१६ मध्ये जागतिक वारसा ठरला. तो बांधणाऱ्यांपैकी जे हयात आहेत, ते आता अतिवृद्ध आहेत. जुने चित्र त्यांच्या हाती दिल्यास कोण कोणाच्या शेजारी उभी आहे, मुकादम कोणता, मूल कोठे निजवले होते, हे सांगणारे कोणी अजून भेटू शकेल. सांगितलेले त्याच दिवशी चित्राच्या मागे शिसपेन्सिलीने लिहावे: स्थळ, तारीख, सांगणाऱ्याचे नाते. नाव मात्र त्याची संमती विचारूनच.